फुगलेला कॅपॅसिटर आणि आजीच्या ओव्या

मागच्या शुक्रवारी रात्री आमच्या घरातला नॅस बंद पडला. नॅस म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: दोन हार्डडिस्क पोटात घेऊन बसलेला एक छोटा डबा. तो राउटरला जोडला की घरातल्या सगळ्या फोन-संगणकांना मिळून एक सामाईक कपाट मिळतं. आमचा डबा टीव्हीच्या शोकेसमध्ये अकरा वर्षं बिनबोभाट चालला होता. शुक्रवारी वीज गेली, आली, आणि पठ्ठ्या काही उठेना. दिवा लुकलुकायचा, पंखा अर्धा फेरा मारायचा, डिस्क 'टक्' करायची, की पुन्हा सामसूम.

आत सिनेमे होते, ते गेले खड्ड्यात. पण आजीच्या ओव्याही होत्या. मामाने १९८९ साली कॅसेटवर टेप केलेल्या, जात्याच्या घरघरीसकट. आजी आता नाही. त्या कॅसेट मी संगणकावर उतरवून घेतल्या आणि बुरशी लागली म्हणून चक्क टाकून दिल्या. "अगं आई, दोन डिस्कवर दोन प्रती आहेत, काळजी कशाला करतेस?" असं वर ऐकवलंही होतं. त्या रात्री तिला फोन करायची हिंमत झाली नाही.

झोप येत नव्हती तेव्हा डोक्यात एकच विचार: हा 'दोन प्रती'वाला भरवसा माझ्या डोक्यात आला कुठून? त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

पहिली हार्डडिस्क १९५६ सालची. आयबीएमच्या ३०५ रॅमॅक या संगणकाला ती जोडलेली होती. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, वजन साधारण एक टन, आणि मावायची फक्त ५० लाख अक्षरं. म्हणजे आजच्या फोनमधला एखादा फोटो. आख्ख्या यंत्राचं भाडं महिन्याला ३,२०० डॉलर! असली वस्तू बिघडली तर दुरुस्तीला माणूस धावत येणार हे उघडच. पुढची तीसेक वर्षं मोठ्या संगणकांचा शिरस्ता हाच होता: एक मोठी, महागडी, भरवशाची डिस्क घ्या आणि तिला तळहाताच्या फोडासारखं जपा.

१९८० च्या दशकात घरगुती संगणकांसाठी छोट्या, स्वस्त डिस्क निघाल्या. बर्कलीच्या विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी १९८८ साली एक निबंध मांडला. त्यातला प्रश्न साधा होता. एका हत्तीऐवजी शंभर बैल जुंपले तर? वेग वाढेल, खर्च कमी होईल. पण मग त्यांनी प्रामाणिकपणे दुसरा हिशेब केला. एक स्वस्त डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असं धरलं, तर शंभर डिस्कमधली पहिली ३०० तासांतच जाणार. दोन आठवडेसुद्धा नाहीत! म्हणून उपाय असा की थोडी जास्तीची माहिती लिहून ठेवायची. एखादी डिस्क गेली तर उरलेल्यांवरून तिच्यातलं पुन्हा उभं करायचं. यालाच त्यांनी 'रेड' हे नाव दिलं. त्यातला सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे आरसा: जे एकीवर लिहायचं तेच दुसरीवर. (आरसा त्यांच्या आधीपासून होता, त्यांनी सगळे प्रकार एका माळेत ओवले.)

गंमत म्हणजे या नावातल्या 'आय'चा मूळ अर्थ 'स्वस्त' असा होता. पुढे विकणाऱ्यांनी त्याचा 'स्वतंत्र' करून टाकला. स्वस्त म्हणून कोण विकणार हो?

असो. तर आमच्या डब्यातही आरसाच होता. शनिवारी सकाळी मी पहिलं काम केलं ते म्हणजे रीसेटच्या बटणापासून हात लांब ठेवला. घाबरलेला माणूस दहा वेळा रीसेट करतो, डिस्कची अदलाबदल करतो, आणि "डिस्क नव्याने तयार करू का?" या प्रश्नाला 'हो' म्हणून बसतो. मी दोन्ही डिस्क बाहेर काढून त्यांवर पेनने १ आणि २ लिहिलं. मग माळ्यावरचा जुना डेस्कटॉप काढला, त्यावर लिनक्स चढवलं आणि एक नंबरची डिस्क जोडली.

इथे गोष्टीचा दुसरा धागा येतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जाळ्यावरून फायली वाटून घ्यायच्या दोन रीती निघाल्या. आयबीएमची एसएमबी (१९८३), जी पुढे विंडोजने उचलली, आणि सन कंपनीची एनएफएस (१९८४). १९९१-९२ च्या सुमारास कॅनबेरामध्ये अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने तारेवरून जाणारे संदेश बघून बघून असा एक सर्व्हर लिहिला की त्याच्याशी ते पीसी आपल्याच जातकुळीतला समजून बोलू लागले. त्याचं पहिलं नाव दुसऱ्या कंपनीच्या ट्रेडमार्कला भिडलं, तेव्हा त्याने शब्दांच्या यादीत एस, एम, बी ही अक्षरं ओळीने येणारे शब्द शोधले. त्यात सापडला 'सांबा'! लिनक्स फुकट, सांबा फुकट, आणि डिस्कचा आरसा सांभाळणारा कोडही लिनक्समध्येच. नॅस बनवणाऱ्या कितीतरी कंपन्यांनी हेच सगळं उचलून डब्यात भरलं. वरची रंगीत पानं तेवढी त्यांची.

माझ्यासारख्याचं नशीब यातच दडलेलं असतं. डब्याच्या आत कंपनीची गुप्त लिपी असती, तर त्याच कंपनीचा तसलाच डबा शोधत फिरावं लागलं असतं. पण डेस्कटॉपवरच्या लिनक्सने डिस्क ओळखली. मी ती केवळ वाचण्यापुरती उघडली, आणि ओव्यांचं फोल्डर समोर आलं. पहिली फाईल लावली. आधी जातं, मग आजी. बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारातच उभी राहिली. दोघंही काही बोललो नाही.

मग प्रश्न उरला डब्याचा. मल्टिमीटर लावला तर अडॅप्टर १२ व्होल्ट दाखवत होता, म्हणजे ठणठणीत. तरीही डिस्क न घालता डबा लावून पाहिला, तर चक्क सुरू झाला! तेव्हा ट्यूब पेटली. डिस्क फिरायला लागताना क्षणभर प्रत्येकी दोनेक अँपिअर ओढते. रिकाम्या हाताने उभा राहणारा अडॅप्टर ओझं येताच गुडघे टेकत होता. दुपारी बुधवार पेठेत तापकीर गल्ली गाठली. दुकानदाराने अडॅप्टर उघडला आणि म्हणाला, "साहेब, हा बघा, कॅपॅसिटर फुगलाय." (हे घरी करू नका. आतल्या एका कॅपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर भार राहू शकतो.)

या फुगण्यालाही इतिहास आहे. १९९९ पासून पुढची काही वर्षं जगभर संगणकांतले कॅपॅसिटर फुगून फुटत होते. आतलं पाणीदार रसायन सदोष होतं. त्यातून वायू निघायचा आणि वरचं झाकण उचललं जायचं. ते रसायन म्हणे चोरलेल्या अर्धवट कृतीवरून बनवलेलं होतं, अशीही कथा सांगतात. २००५ साली डेलने अशा सदोष संगणकांपायी ३० कोटी डॉलर बाजूला काढले. माझा अडॅप्टर त्या साथीतला नव्हे, तो नंतरचा. त्याला उकाड्याने मारलं. तापमान १० अंशांनी वाढलं की कॅपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि मी त्याला अकरा उन्हाळे बंद शोकेसमध्ये कोंडला होता.

म्हणजे बघा, बर्कलीच्या त्या तिघांनी डिस्क मरेल हे धरून हिशेब केला, आणि माझ्या दोन्ही डिस्क जिवंत राहिल्या. दगा दिला तो काही रुपयांच्या भागाने. आरसा डिस्कपुरता असतो. दोन्ही डिस्कना एकच अडॅप्टर, एकच डबा, आणि एकच गाढव मालक. पुढच्या वेळी अडॅप्टर मरताना डिस्कही घेऊन गेला तर? चुकून फाईल पुसली तर आरशातलीही पुसली जाते. दोन प्रती असं मी ज्याला म्हणत होतो, ती खरं तर एकच प्रत होती.

नवा अडॅप्टर घेतला, डबा सुरू झाला. आता तो शोकेसच्या बाहेर आहे. रविवारी ओव्या एका वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतल्या. ती साताऱ्याला मामाकडे जाईल. मूळ टेप त्याचीच. मग आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं, कॅसेट टाकल्याचंसुद्धा. ती म्हणाली, "मला काय ते तुझं रेड कळत नाही. मला आत्ता ऐकव."

ऐकवली. फोन स्पीकरवर ठेवून, पूर्ण बाजू.