दारूची पारख : कोठारापासून काडतुसापर्यंत

मराठी भाषेत ‘दारू’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. प्रस्तुत लेखाचा संबंध त्यांपैकी तोफा-बंदुकांच्या दारूशी आहे. दारूची शक्ती किती, हा प्रश्न सर्वांनाच सुचतो. परंतु जाणकाराचा पहिला प्रश्न निराळा असतो. ही दारू किती वेगाने जळते आणि ज्या नळीत ती भरावयाची त्या नळीला तो वेग मानवेल काय, असे तो विचारतो. दारूच्या निवडीचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरलेला आहे.

सोरा, गंधक व कोळसा यांच्या मिश्रणाची काळी दारू आपल्या पूर्वजांच्या चांगल्या परिचयाची होती. अठराव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झालेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील दारूकोठाराविषयी सविस्तर सूचना आहेत. कोठार वस्तीच्या घरांजवळ नसावे, दारूला सर्द हवा लागू देऊ नये, ठरावीक दिवसांनी ती बाहेर काढून तिला ऊन द्यावे व पुन्हा मोहोर करून ठेवावी, असा त्या सूचनांचा आशय आहे. ओल लागलेली दारू ऐन वेळी दगा देते आणि निष्काळजीपणे ठेवलेली दारू स्वतःच्याच गडाचा घात करते, हे दोन्ही धोके त्या मुत्सद्द्याच्या नजरेसमोर होते.

दाण्यांच्या आकाराचे महत्त्वही त्या काळी ज्ञात होते. तोफेत भरण्याची दारू जाड असे, तर बंदुकीच्या कानावर ठेवण्याची ‘रंजक’ अगदी बारीक असे. दाणा बारीक झाला की त्याच वजनात जळणारा पृष्ठभाग वाढतो आणि दारू झपाट्याने पेटते. हेच तत्त्व पुढे अमेरिकेत ‘एफ’ या अक्षराने दर्शविले जाऊ लागले. एक एफ म्हणजे जाड दाणा, तीन एफ म्हणजे पिस्तुलास योग्य असा बारीक दाणा आणि चार एफ म्हणजे चकमकीच्या बंदुकीची रंजक. पिस्तुलाची नळी आखूड असल्यामुळे गोळी बाहेर पडण्यापूर्वी दारू जळून जावी लागते; म्हणून तेथे बारीक दाणा. उलट मोठ्या तोफेत बारीक दारू भरल्यास गोळा जागचा हलण्याआधीच दाब कळसाला पोहोचतो आणि तोफ फुटण्याचे भय असते. या भयावर उपाय म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकन सैन्यातील थॉमस रॉडमन या अधिकाऱ्याने तोफांसाठी मोठे, सच्छिद्र दाणे तयार केले.

अनुभवाने जाणलेल्या या गोष्टी मोजता येऊ लागल्या त्या युरोपात. इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स याने १७४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, टांगलेल्या लंबकावर गोळी झाडून तिचा वेग काढण्याची रीत मांडली. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळील सेंट डेव्हिड किल्ल्यात मरण पावला. त्याच शतकाच्या अखेरीस महादजी शिंदे यांच्या पदरी असलेल्या द बॉइनने आग्र्यास सँगस्टर या कारागिराच्या देखरेखीखाली तोफांचा व बंदुकांचा कारखाना चालविला. शिंद्यांच्या कवायती पलटणींची कीर्ती सर्वश्रुत आहे.

एकोणिसाव्या शतकात काडतूस पितळी झाले. गोळी, दारू व पेटविणारी टोपी ही तिन्ही एकाच कवचात आली. झाडल्यानंतर गोळी व दारू संपते, पण कवच शिल्लक राहते आणि काडतुसाच्या किमतीतला मोठा वाटा त्याचाच असतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडील वस्त्यांत दुकान अनेक दिवसांच्या वाटेवर असे. तेथील शिकारी व शेतकरी रिकामी कवचे घरीच पुन्हा भरीत. १८८४ मध्ये जॉन बार्लो याने न्यू हेवन येथे स्थापन केलेल्या ‘आयडियल’ कंपनीने या कामाची हत्यारे व माहितीपुस्तिका घरोघरी पोहोचविल्या. यातील एक गंमत अशी की, घरी भरण्यास सोयीची टोपी बॉक्सर या इंग्रजाने शोधली व ती अमेरिकेत रूढ झाली. गैरसोयीची टोपी बर्डन या अमेरिकनाने शोधली व ती युरोपात रुजली.

काळ्या दारूच्या युगात घरी काडतूस भरणे तुलनेने निर्धोक होते. १८७३ च्या कोल्ट पिस्तुलाच्या काडतुसात मुळात ४० ग्रेन काळी दारू मावे व कवच जवळजवळ भरून जाई. चूक झालीच तर दारू बाहेर सांडे. मापच रक्षण करीत होते.

१८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने नायट्रोसेल्युलोजपासून धूररहित दारू तयार केली. १८८७ मध्ये आल्फ्रेड नोबेलचे बॅलिस्टाइट आणि १८८९ मध्ये एबल व ड्यूअर यांचे कॉर्डाइट आले. आपल्याकडे निलगिरीतील अरुवंकाडू येथे विसाव्या शतकाच्या आरंभी कॉर्डाइटचा सरकारी कारखाना उभा राहिला. ही नवी दारू वजनास वजन काळ्या दारूच्या सुमारे तिप्पट बलवान होती. १८९८ मध्ये लॅफ्लिन अँड रँड कंपनीने पिस्तुलांसाठी ‘बुल्सआय’ नावाची धूररहित दारू विक्रीस आणली. ती अतिशय वेगाने जळे, चिमूटभर पुरे आणि पैसाही वाचे. तिची लोकप्रियता शंभर वर्षांहून अधिक टिकली.

मात्र काळ्या दारूसाठी घडविलेल्या प्रशस्त कवचात ही चिमूट तळाशी दिसेनाशी होई. लक्ष विचलित झाले आणि दुसऱ्यांदा दारू पडली, तरी कवच भरल्यासारखे दिसत नसे. गोळी निमूटपणे बसे आणि झाडताना पिस्तूल हातात फुटे. ज्याने जुन्या सवयीने वजनाऐवजी आकारमानाने नवी दारू मोजली, त्याच्यावरही हाच प्रसंग येई. किती बोटे व किती डोळे या बदलापायी गेले असतील, त्याची गणती कोणी ठेवलेली नाही. हत्यार तेच, माणूस तोच, हातही सरावलेला. बदलला होता तो फक्त पदार्थ. सराव येथे आधार न ठरता वैरी ठरला.

यावर उपाय निघाला तो छापील कागदाचा. कोणत्या काडतुसात, किती वजनाच्या गोळीमागे, कोणती दारू किती ग्रेनपर्यंत चालेल, याची कोष्टके प्रयोगशाळेत दाब मोजून तयार होऊ लागली आणि हस्तपुस्तिकांतून प्रसिद्ध झाली. १९३७ मध्ये फिलिप शार्प याचा या विषयावरील विस्तृत ग्रंथ निघाला. तेव्हापासून त्या देशातील घरगुती कारागिराचा पहिला नियम असा झाला की, अंदाज करू नये, कोष्टक पाहावे. आणि डब्यावरील नाव पुसट झालेली दारू वापरू नये, टाकून द्यावी. आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्यावाचून काडतुसे तयार करणे हा गुन्हाच आहे. त्यामुळे आपणांस या विषयाचे महत्त्व व्यवहाराचे नसून इतिहासाचे आहे.

तरीही त्यातून एक बोध अवश्य घेण्याजोगा आहे. आज्ञापत्राने साठवणीचे नियम लेखनिविष्ट केले म्हणून ते तीन शतकांनंतर आपल्यापर्यंत पोहोचले. दारू मळणाऱ्या, दाणे पाडणाऱ्या व बोटांच्या चिमटीत तिची पारख करणाऱ्या कारागिरांचे ज्ञान मात्र बहुतांशी त्यांच्या हातांतच राहिले आणि १८१८ नंतर गडांवरील कारखाने ओस पडल्यावर त्यांच्याबरोबरच विरले. हातातले ज्ञान माणसाबरोबर जाते आणि परिस्थिती पालटली की तेच घातकही होऊ शकते. कागदावर उतरलेले ज्ञान तपासता येते, सुधारता येते आणि अनोळखी माणसाचेही रक्षण करते. ग्रंथसंग्रहाचे शंभर वर्षे जतन करणाऱ्या सभासदांना व आश्रयदात्यांना हे निराळे सांगण्याचे कारण नाही.