कमरेत बारीक

पहिल्या हिवाळ्यात आल्प्समध्ये भाड्याच्या स्कीवरून असा आपटलो, की दोन महिने गुडघ्याला पट्टा बांधून फिरत होतो. पुढच्या वर्षी दुकानात आधी स्कीवरचे आकडे वाचले: १२१-६८-१०४, खाली १४. पहिले तीन म्हणजे टोक, कंबर आणि शेपूट यांची मिलिमीटरमधली रुंदी. शेवटचा महत्त्वाचा. स्की कडेवर कलती केली की ती ज्या वर्तुळात वळू पाहते, त्याची त्रिज्या १४ मीटर.

ही कंबर तशी जुनी. नॉर्वेतल्या टेलेमार्कचा सोंद्रे नोरहाइम १९व्या शतकातच मध्ये निमुळत्या स्की वापरायचा. पण पुढची शंभरेक वर्षं ती कंबर नावापुरतीच राहिली. त्रिज्या ४५ मीटरच्या आसपास. एवढं मोठं वर्तुळ उतारावर मावणार कुठे? मग शेपूट घासत, ढकलत वळायचं. ते नीट जमेपर्यंत कित्येक हिवाळे जायचे.

१९९१मध्ये स्लोव्हेनिया स्वतंत्र झाला आणि दोनच वर्षांनी तिथल्या बेगुन्ये गावच्या 'एलान' कारखान्याने 'एससीएक्स' ही स्की आणली. युरी फ्रांको आणि पावेल श्कोफित्स यांनी कंबर जवळपास तिपटीने खोल कोरली आणि त्रिज्या १५ मीटरवर आणली. आता नुसतं कलायचं, बाकीचं वळण स्की घेणार! १९९६मध्ये अमेरिकेत बोडी मिलर नावाचा पोरगा 'के-टू'च्या अशाच स्कीवर ज्युनिअर ऑलिम्पिक्समध्ये जिंकला, आणि सरळसोट स्कीचे दिवस भरले.

यात एक मेख होती. वळण जितकं घट्ट, तितका गुडघ्यावर जोर. जखमा कमी व्हाव्यात म्हणून आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२-१३च्या हंगामात पुरुषांच्या जायंट स्लॅलमसाठी किमान त्रिज्या २७वरून ३५ मीटर केली. खेळाडू वैतागले, २०१७-१८मध्ये ती ३०वर आली.

म्हणून माझं मत असं: यंत्राने विंचरलेल्या उतारासाठी कंबर ७५ मिलिमीटरच्या आत हवी, म्हणजे ती पटकन कडेवर येते. आणि आकड्यांत न दिसणारी गोष्ट म्हणजे पीळ. सकाळच्या टणक बर्फावर स्की पिळली गेली, की कड सुटलीच.

ती १४वाली घेतली. पहिल्या उतरणीनंतर थांबून मागे बघितलं. डावी रेघ सुरीने ओढल्यासारखी. उजवी मात्र फरफटलेली, अजून त्याच गुडघ्याला जपत.