मांजरपाटाचं विमान

गटाच्या बैठकीत मशीनचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "ते काम बायकांना जमायचं नाही." म्हणून आज एक खरी गोष्ट सांगते.

आयर्लंडमध्ये बेलफास्टजवळ कार्नमनी गावात लिलियन ब्लँड तिच्या विधवा आत्याकडे राहायची. वर्तमानपत्रांत लिहायची, फोटो काढायची. 1909 साली काकानं पॅरिसहून विमानाचं पोस्टकार्ड पाठवलं. तिनं ठरवलं, आपण विमान करायचं.

ती ब्लॅकपूलच्या विमान मेळ्याला गेली, तिथली विमानं नीट निरखली. घरी येऊन आधी सहा फुटी छोटं मॉडेल केलं. ते उडालं, तेव्हाच मोठ्याला हात घातला. सांगाडा लाकडाचा नि बांबूचा, पंखांवर मांजरपाट, हातात धरायला सायकलचं हँडल. कापडात पाणी मुरू नये म्हणून फोटोच्या कामातलं जिलेटिन लावलं. नाव ठेवलं 'मेफ्लाय'. हा एक किडा. पण इंग्रजीत "उडेलही कदाचित" असाही अर्थ निघतो!

इंजिन महाग. विमानाला त्याचं वजन पेलेल का? तिनं चार पोलीस आणि बागेत काम करणारा पोरगा यांना विमान धरायला लावून टेकडीवर वाऱ्यात उभं केलं. विमानानं पाचही जणांना उचललं! मगच तिनं 20 हॉर्सपॉवरचं इंजिन मागवलं. पेट्रोलची टाकी वेळेत आली नाही, तर व्हिस्कीची बाटली आणि आत्याचा ऐकण्याचा कर्णा जोडून इंजिन चालवून पाहिलं.

ऑगस्ट 1910 मध्ये रँडल्सटाउनच्या माळावर विमान उठलं. तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. उतरून तिनं गवतावरच्या चाकांच्या खुणा पाहिल्या. त्या मध्येच तुटल्या होत्या. म्हणजे विमान खरंच उडालं होतं!

वडिलांना मात्र जिवाची काळजी. "उडणं सोड, मोटार घेऊन देतो," असं त्यांनी सांगितलं. तिनं मोटार घेतली, चालवायला शिकली आणि मोटारी विकायचा धंदाही केला. पण विमान तिथंच थांबलं, याची मला हळहळ वाटते.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत आपल्या गटापुढे मिरची कांडपाच्या मशीनचा विषय आहे. आधी शेजारच्या गावातलं मशीन बघू, खर्च वहीत मांडू, मग कर्जाचा अर्ज भरू. फक्त "जमायचं नाही" हे कारण वहीत लिहायचं नाही.