हवाबंद डब्याची कुळकथा

अन्न टिकविण्याची धडपड माणसाच्या संसाराइतकीच जुनी आहे. मासळी खारवावी, मांस धुरावर धरावे, फळे पाकात मुरवावी, भाज्या उन्हात वाळवाव्या, हे उपाय देशोदेशीच्या गृहिणींना पिढ्यानपिढ्या ठाऊक होते. परंतु या सर्व उपायांत अन्न टिकते ते आपले मूळ रूप सोडून. खारवलेला बांगडा टिकतो, पण तो ताजा बांगडा राहत नाही. वर्ष उलटल्यावरही वाटाणा वाटाण्यासारखा लागावा, ही अपेक्षा धरली ती पॅरिसमधील एका मिठाईवाल्याने.

निकोला आपेर हे त्याचे नाव. एका खानावळवाल्याच्या घरी १७४९ साली त्याचा जन्म झाला. पाक, मद्य आणि मुरंबे यांत त्याचे हात मुरलेले होते. शास्त्राचे शिक्षण मात्र त्याला मुळीच नव्हते. जाड काचेच्या रुंद तोंडाच्या बाटल्यांत अन्न भरावे, बूच घट्ट ठोकून तारेने आवळावे आणि त्या बाटल्या उकळत्या पाण्यात ठरलेला वेळ ठेवाव्या, एवढीच त्याची कृती. ही 'एवढीच' कृती हाती येण्यास बरीच वर्षे लागली. कोणत्या पदार्थास किती वेळ उकळी द्यावी, हे एकेक बाटली फुकट घालवूनच शिकावे लागते. फ्रेंच आरमाराने त्याच्या बाटल्या समुद्रावर नेऊन पारखल्या. १८१० साली सरकारने त्यास १२,००० फ्रँक देऊ केले. अट अशी, की त्याने आपली कृती ग्रंथरूपाने सर्वांस खुली करावी. आपेरने ती मानली आणि पुस्तक छापले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या पीटर ड्युरँड नामक व्यापाऱ्याने याच तत्त्वावर इंग्लंडात पेटंट मिळविले. ही कल्पना आपणांस परदेशस्थ मित्राकडून कळली, असे त्याने त्यात प्रामाणिकपणे नमूद केले आहे. त्याच्या पेटंटात काचेच्या जोडीला कथलाच्या व इतर धातूंच्या भांड्यांचाही उल्लेख होता, आणि पुढच्या साऱ्या इतिहासाचे बीज त्या उल्लेखात आहे. ब्रायन डॉन्किन व जॉन हॉल यांनी ते हक्क विकत घेऊन १८१३ च्या सुमारास लंडनच्या बर्मंडसी भागात कारखाना चालविला. लोखंडी पत्र्यावर कथलाचा पातळ थर द्यावयाचा, पत्रा वळवून डाक लावावयाचा आणि वरचे भोक शेवटी बुजवावयाचे, हे सारे हाताने चाले. डबा इतका भक्कम होई, की तो छिन्नी व हातोडा घेऊन कापावा अशी सूचना वर लिहिलेली असे. डबा उघडण्याच्या हत्याराचे पेटंट निघावयास १८५५ साल उजाडले. डबा आधी आणि चावी चाळीस वर्षांनी, असा हा उलटा क्रम!

पण याहून मोठे कोडे निराळेच होते. अन्न टिकते का? आपेरला ते सांगता येत नव्हते. गे-ल्युसॅक या थोर रसायनशास्त्रज्ञाने बाटल्या तपासून निर्वाळा दिला, की आत प्राणवायू उरत नाही, म्हणून अन्न नासत नाही. आचाऱ्याची कृती बरोबर होती आणि पंडिताचे कारण चूक! हवा काढली की काम झाले, ही समजूत पुढे अर्धशतक टिकली.

तिची किंमत खलाशांना मोजावी लागली. १८५२ च्या आरंभी पोर्ट्समथजवळच्या इंग्रज आरमाराच्या कोठारात स्टीफन गोल्डनर या कंत्राटदाराने पुरविलेले मांसाचे डबे फोडण्यात आले. एकामागून एक डबा सडलेला निघाला आणि दुर्गंधीने तपासनीसांना तेथे उभे राहणे कठीण झाले. लोकांचा रोष कंत्राटदारावर उसळला. परंतु डबा मोठा असला म्हणजे बाहेरची उष्णता मध्यापर्यंत पोहोचावयास फार वेळ लागतो, हेही त्यामागचे एक कारण होते. नासवणारे जंतू असतात आणि उष्णतेने त्यांनाच मारावयाचे असते, हे पाश्चरच्या प्रयोगांनंतरच उमगले. उकळत्या पाण्यालाही दाद न देणारी काही जंतूंची बीजे असतात आणि त्यांच्यासाठी दाबाखालची अधिक उष्णता हवी, हे अमेरिकेत प्रेस्कॉट व अंडरवुड यांनी १८९५ नंतर दाखवून दिले. आंबट पदार्थांत ही बीजे वाढत नाहीत. म्हणूनच रत्नागिरीच्या हापूसचा रस साध्या उकळत्या पाण्याच्या आचेवर डब्यात टिकतो. मांसमासळीला तेवढे पुरत नाही.

आपेरच्या वाट्याला मात्र यातले फारसे काही आले नाही. मासी गावचा त्याचा कारखाना नेपोलियनच्या पाडावाच्या धामधुमीत शत्रुसैन्याने उद्ध्वस्त केला. १८४१ साली तो दारिद्र्यात वारला आणि त्याला सामुदायिक थडग्यात पुरण्यात आले.

१८२४ साली कॅप्टन पॅरी उत्तर ध्रुवाकडील समुद्रात गेला, तेव्हा त्याच्या जहाजावर भाजलेल्या वासराच्या मांसाचे डबे होते. त्यांतला एक न उघडताच परत आला आणि पुढे संग्रहालयात पडून राहिला. १९३८ साली शास्त्रज्ञांनी तो कापला. आतले मांस शाबूत होते. ते प्राण्यांपुढे ठेवले. त्यांनी ते खाल्ले, आणि त्यांना कोणताही अपाय झाला नाही.