पिनकोडचे तीन अंक आणि राउटरची वही

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला लिहिलेले पत्र मुंबईत छाटणीला येते, तेव्हा ५६००१२ या पिनकोडातले पहिले तीनच अंक पुरतात. ५६० म्हणजे बेंगळुरू. उरलेले तीन अंक तिथे पोहोचल्यावर वाचायचे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही रचना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. ते संस्कृत कवीही होते. थोड्या अक्षरांत पुष्कळ सांगण्याचा सराव त्यांना इथे कामी आला, असे म्हणण्याचा मोह होतो.

इंटरनेटवरील राउटर हेच तत्त्व वापरतो. समजा, एका संस्थेकडे १४४.१६.६४ पासून १४४.१६.७९ पर्यंत पत्त्यांचे सोळा गट आहेत. ६४ ते ७९ हे आकडे आठ बिटांत लिहिले, तर पहिली चार बिटे सर्वांची ०१०० अशीच येतात. त्यापूर्वीची सोळा बिटे समान आहेतच. म्हणून सोळा नोंदींऐवजी ‘पहिली २० बिटे जुळली की या वाटेने’ ही एकच नोंद पुरते. यालाच रूट समरायझेशन, म्हणजे मार्गांचा संक्षेप, म्हणतात. मात्र गट नुसते लागोपाठचे असून भागत नाही. ६५ ते ८० हेही सोळाच गट, पण ते एका नोंदीत बसत नाहीत.

वरच्या उदाहरणातले १४४.१६ हे आकडे भारतीय इतिहासातलेच आहेत. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने यूएनडीपीच्या साहाय्याने एर्नेट हे शिक्षण-संशोधनाचे जाळे उभारायला घेतले. विज्ञान संस्था, पाच आयआयटी, मुंबईचे एनसीएसटी आणि स्वतः विभाग असे आठ सहभागी होते. १४४.१६ ने सुरू होणारे ६५,५३६ पत्ते एर्नेटकडे आले आणि त्यांतूनच बेंगळुरूला, पवईला वाटे मिळाले. शेकडो मैलांवरच्या या संस्था बाहेरच्या जगाला एका ओळीत सांगता येत होत्या.

इतरत्र अशी शिस्त नव्हती. ज्याने मागितले त्याला पुढचा क्रमांक, अशा रीतीने पत्ते वाटले गेले होते. परिणामी १९९० च्या दशकाच्या आरंभी राउटरांच्या मार्गसूच्या यंत्रांच्या स्मृतीपेक्षा वेगाने फुगू लागल्या. १९९२ मध्ये फुलर, ली, यू आणि वरदन यांनी मांडलेला उपाय सप्टेंबर १९९३ मध्ये ‘सायडर’ या नावाने मानक झाला. पत्त्यांचे ठरीव वर्ग गेले. संक्षेप कोणत्याही बिटावर तोडता येऊ लागला. किंमत ग्राहकाने मोजायची होती: पत्ते सेवा पुरवठादाराच्या गठ्ठ्यातून घ्यायचे आणि पुरवठादार बदलला की परत करायचे. घर तेच, पण टपाल नेणारा बदलला म्हणून पिनकोड बदलण्यासारखेच हे. अनेकांना ते रुचले नाही.

संक्षेपाला अपवाद चालतात. ४० ने सुरू होणारे पिनकोड मुंबई, ठाणे, रायगडचे. पण ४०३ म्हणजे गोवा. राउटरही दोन नोंदी जुळल्या तर अधिक लांब जुळणारी मानतो, आणि ती कोणी सांगितली हे मुळात तपासत नव्हता. २४ फेब्रुवारी २००८ रोजी यूट्यूब आपले पत्ते २२ बिटांच्या एका नोंदीने सांगत होते. देशांतर्गत बंदीसाठी पाकिस्तान टेलिकॉमने त्यांतलाच २४ बिटांचा तुकडा स्वतःचा म्हणून सांगितला आणि तो बाहेर पसरला. दोन तासांहून अधिक काळ जगभरची वाहतूक तिकडे वळत राहिली. यूट्यूबने उलट स्वतःचेच आणखी बारीक, २५ बिटांचे तुकडे जाहीर केले.

संक्षेप मोडणे हेच संरक्षण ठरले, तेव्हा सूच्या पुन्हा वाढणे ओघानेच आले. १२ ऑगस्ट २०१४ रोजी जागतिक सूची ५ लाख १२ हजारांच्या आसपास पोहोचली. जुन्या राउटरांची मर्यादा नेमकी तिथेच होती. अनेक ठिकाणी जाळी कोलमडली. आज ती सूची दहा लाखांच्या घरात आहे आणि तिच्यातल्या निम्म्याच्या आसपास नोंदी दुसऱ्या कुठल्यातरी मोठ्या नोंदीच्या पोटातल्याच आहेत.