दोन झेंड्यांची सुरत

कोसाड स्टेशनात सुरतेकडे तोंड करून उभे राहा आणि चपला काढून हातात घ्या. पुढे नदी आहे आणि पूल नाही, तेव्हा पाय भिजणार. आता डोळे मिटा. लोकलचा भोंगा, आवास वसाहतीतले प्रेशर कुकर, साड्यांच्या गाठी वाहणारे टेम्पो, सगळं दूर जाऊ द्या. उघडा.

रूळ नाहीत. भेगाळलेली काळी जमीन, कापणी झालेल्या कपाशीच्या काड्या, ताडाची झाडं आणि आंब्याच्या मोहोराचा उग्र, गोडसर वास. फाल्गुन लागलेला आहे. साल हवंच असेल तर १७६४, पण इथे कुणाला ते विचारू नका.

आणि हो, मराठीत तर मुळीच विचारू नका. विहिरीवरच्या बाईला तुम्ही सहज म्हणता, "ताई, सुरतेची वाट कुठली?" ती घागर तशीच टाकून घरात जाते. ओट्यावरचा म्हातारा उठून उभा राहतो, हात जोडतो, पण डोळे तुमच्या कमरेकडे, तलवार आहे का ते बघायला. शिवाजीराजे पहिल्यांदा सुरतेवर आले त्याला यंदा शंभर वर्षं झाली. तेव्हाचं कुणी जिवंत नाही, तरी मराठी बोली कानावर पडली की इथली कवाडं आजही लागतात. त्यात आता सुरतेभोवतीच्या खेड्यांतून गायकवाडांची माणसं वसुलीला येतात आणि पेशव्यांचीही. आपल्या मायबोलीला कुणी असं घाबरलेलं मी पाहिलं, तेव्हा मला वाईट वाटलं. तुम्हालाही वाटेल. चालत राहा.

अमरोलीच्या पुढे तापी. भरतीचं पाणी समुद्राकडून उलटं वर चढतंय आणि काठाच्या चिखलाला माशांचा, कुजक्या गवताचा वास आहे. हेच पाणी मुलताईहून निघून, भुसावळच्या अंगाने, सगळा खान्देश ओलांडून आलंय. ओंजळभर तोंडावर मारा. नावाडी हात पुढे करतो. खिशातली नोट ठेवा खिशातच. इथे बारीक मोड म्हणून कडू बदाम चालतात, इराणहून आलेले. मूठभर द्या, आणि भूक लागली तरी त्यातला एकही तोंडात टाकू नका.

पलीकडे कतारगाम. पापडीच्या मळ्यांतून वाट जाते आणि एकाएकी घुमट दिसू लागतात. पीरांचे दर्गे वाटतील, पण ही थडगी इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांची आहेत. इंग्रजांचा जॉर्ज ऑक्झिंडन १६६९ मध्ये इथे मेला, डचांचा व्हान रीड १६९१ मध्ये सुरतेकडे येताना जहाजावर. धर्माने ख्रिस्ती, पण कबरींचा घाट मोगल उमरावांचा: कमानी, सज्जे, घुमट. सावलीत क्षणभर टेका, दगड गार आहे. ज्याच्या मुलखात राहायचं त्याच्यासारखं दिसायचं, मेल्यावरसुद्धा, हे या परक्यांना फार लवकर समजलं होतं.

कतारगाम दरवाज्याशी गर्दी तुम्हाला उचलूनच आत नेते. बैलगाड्यांची चाकं करकरतात, उंट पचकन थुंकतो, कापसाच्या गाठीचा कोपरा बरगडीत बसतो, धुळीने दात कचकचतात. नाकेदार परवाना मागत ओरडतो: दस्तक कुणाचं? प्रश्न साधा नाही. शहर नवाबाचं. किल्ला इंग्रजांचा. उत्पन्नातली चौथाई मराठ्यांची, त्यातही पेशव्यांचा वाटा वेगळा, गायकवाडांचा वेगळा. आणि ही सगळीच मंडळी विचारलं तर सांगतात की आम्ही काही मालक नव्हे, मालक बादशहा. गप्प राहा आणि गाठींच्या आडून सटका.

मुघलसराईच्या आवारात शिरलात की आधी नाक भरून जातं: अत्तर, घाम, भिजलेली मशक, खारवलेलं लिंबू, आजारी माणसाच्या अंगाचा वास. शहाजहानच्या काळात यात्रेकरूंसाठी ही सराई बांधली. पुढे कधीतरी हिच्यात महानगरपालिका बसेल, लोक घरपट्टीच्या तक्रारी घेऊन याच दगडी कमानीखालून जातील. आज मात्र इथे हाजी आहेत. दिल्लीचे, औरंगाबादचे, बुऱ्हाणपूरचे. जहाजावर ज्याचं त्याने खायचं, म्हणून तांदळाची पोती, तुपाचे बुधले, सरपणाच्या मोळ्या. रमजान चालू आहे. शेकडो माणसं आणि दुपारच्या या काहिलीत एकाच्याही ओठाला पाणी नाही. तुमचा घसा कोरडा पडलाय, पण इथे पिऊ नका. भिंतीपलीकडच्या गल्लीत पोरं होळीसाठी लाकडं पळवतायत, त्यांच्या मागे धावणाऱ्या म्हाताऱ्याच्या शिव्या आत ऐकू येतात. एक हाजी डोळे मिटून ओठ हलवत बसलाय, तोही हसतो.

बोचक्यावर बसलेल्या एका आजीपाशी जागा आहे. बसा. तिने बोचक्यात कफनाचं कापड आणलंय, मक्केच्या झमझम विहिरीच्या पाण्यात भिजवून परत न्यायला. तिचा नातू जहाजाची चौकशी करायला गेलाय. येतोच मी, असं सांगून उठा, कारण किल्ला बघायचा राहिलाय.

चौकात ऊन वरून आणि खालून दोन्हीकडून भाजतं. मान वर करा. एका बुरुजावर बादशहाचं निशाण, दुसऱ्यावर इंग्रजांचं. खाली पहाऱ्यावर कंपनीचे शिपाई.

हे दोन झेंडे एकत्र कसे? उत्तर मघाच्या आजीच्या बोचक्यात आहे. सुरत म्हणजे मक्केचं दार. हाजींची जहाजं सुखरूप नेणं-आणणं हे बादशहाचं धर्मकर्तव्य, आणि त्यासाठी आरमार ठेवणाऱ्याला तनखा. आधी हे काम जंजिऱ्याच्या सिद्द्यांकडे होतं, आणि किल्लाही त्यांच्या ताब्यात. पाच वर्षांपूर्वी, १७५९ मध्ये, इंग्रजांनी तोफा लावून तो घेतला. पण घेतल्यावर स्वस्थ बसले नाहीत, बादशहाची सनद मागवली: आम्ही तुमचे किल्लेदार, आम्ही तुमच्या आरमाराचे अधिकारी, सालीना २ लाख रुपये तनखा आमचा. तोफांनी किल्ला मिळाला, पण लोकांनी मान तुकवायला बादशहाचं नाव आणि मक्केची वाट, दोन्ही लागलं.

असंच एक शहर फार पूर्वी नाईलच्या काठी होतं, थीब्ज. सुमारे ३००० वर्षांपूर्वी तिथला राजा दूर उत्तरेला टॅनिसमध्ये राहायचा आणि थीब्जवर हुकूम चालायचा आमुन देवाच्या महापुरोहिताचा, ज्याच्या हाती सैन्यही होतं. चोरी कुणी केली, नेमणूक कुणाची करायची, प्रश्न देवापुढे जायचा. पुजाऱ्यांच्या खांद्यांवरची देवाची नौका पुढे सरली तर होय, मागे सरली तर नाही. त्या गर्दीत उभं राहून तुम्हीही नौकेकडेच पाहिलं असतं, खांदे कुणाचे ते नव्हे. आत्ता पाहताय ना, बादशहाच्या निशाणाकडे?

बादशहा, म्हणजे शाह आलम, दिल्लीतसुद्धा नाही. पूर्वेकडे दुसऱ्याच्या आश्रयाने दिवस काढतोय. पण सराफाच्या ओट्यावर जा. तो रुपया दगडावर टाकतो, कान लावतो, नखाने कड चाचपतो आणि बट्टा कापून घेतो. नाण्यावर नाव शाह आलमचं. टांकसाळ नवाबाची. शुक्रवारी मशिदीत दुआ त्याच दूरच्या माणसासाठी.

नदीकाठी फुर्जा, म्हणजे जकातीचा मांडव. एकच गाठ तीनदा चाचपली जाते. हमालांच्या हुंकारांतून, गुजराती-फारसीच्या कालव्यातून अचानक कानावर येतं, "अरे, शाई वाळू दे आधी!" थांबलात ना? चौथाईचे कारकून. बोरू, मोडीच्या लांब ओळी, ओला पंचा खांद्यावर. एकजण वर बघतो. "कुठले आपण? बसा, बसा. पाणी घ्या." तांब्या समोर येतो आणि तुम्ही घटाघटा पिता. सकाळपासून ज्या भाषेने दारं बंद केली, तिनेच इथे पाणी दिलं. तो हाजींच्या मालाचा आकडा मांडतोय. या बंदरातला पैसा पुण्याच्या खजिन्यात जाईल, आणि त्याच खजिन्यातून श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाईल. अत्तराचा वास त्या रुपयांना लागलेला असेल का, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

परतताना पारशांच्या गल्लीतून या. चंदनाचा धूर, पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातला एक वृद्ध ओसरीवर. त्याच्या तरुणपणी इराणशाह, त्यांचा सर्वांत पवित्र अग्नी, नवसारीहून इथे आणला होता. नवसारीवर स्वाऱ्यांचं भय होतं आणि सुरतेला तट होता. १७३३ ते १७३६, तीन वर्षं अग्नी या शहरात जळला, मग परतला, आणि अखेर १७४२ मध्ये उदवाड्याला गेला. भय आपल्याच घोडेस्वारांचं होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. मान खाली घालून पुढे व्हा.

सूर्य कलला. काठावर होड्या लागल्यात. मोठी जहाजं खाली खाडीच्या तोंडाशी उभी आहेत, ओहोटीबरोबर होड्या तिकडे जातील. घाटावर एवढी माणसं आणि एवढी शांतता. मग अजान. शेकडो हात एकदम हलतात, पाण्याचा पहिला घोट घशातून उतरताना ऐकू येतो. दूर कुठेतरी होळीचा ढोल सुरू होतो. वारा पडलाय, किल्ल्यावरचे दोन्ही झेंडे काठीला चिकटून लोंबतायत, कुठला कुणाचा ओळखू येत नाही.

आजी होडीत बसलीय. तुम्हाला पाहून हात करते, चिकट खजूर तळहातावर ठेवते. तुम्ही मराठीत काहीतरी पुटपुटता आणि दचकता, पण ती बुऱ्हाणपूरची, तापीच्याच काठची, तिला ही बोली शेजारघरची आहे.

"तिथे दुआ मागेन तुझ्यासाठी," ती म्हणते. "आईचं नाव काय?"

नावाडी दोर सोडतो. तुम्ही गुडघाभर पाण्यात उतरता आणि ओरडून आईचं नाव सांगता.