अंतराळात गेलेली मराठी

आपल्या बिदर जिल्ह्यात कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू कानी पडतात. १९७७ साली या चारही भाषा पृथ्वी सोडून निघाल्या.

त्याआधी माणसाने ऐकून पाहिले होते. १९६० साली अमेरिकेत फ्रँक ड्रेक यांनी २६ मीटरचा अँटेना दोन जवळच्या ताऱ्यांकडे रोखून १४२० मेगाहर्ट्झवर कान लावला. हायड्रोजन विश्वात सर्वत्र आहे. त्याची ही कंपनसंख्या कोणत्याही जाणत्या जीवाला ठाऊक असणार, हा त्यामागचा तर्क. उत्तर आले नाही.

पुढे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण उभी राहिली. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरणाऱ्या युरोपीय यानाचा क्षीण संदेश तिने टिपला. कान तयार आहेत, बोलणारा हवा.

आपण मात्र बोलून ठेवले आहे. व्हॉयेजर यानांवरील ध्वनिमुद्रिकेत ५५ भाषांतील अभिवादने आहेत, आणि गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवीही. व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी सुटले; १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आपला जिल्हा म्हैसूर राज्यात आला. भाषांची सीमा नकाशावर आखली गेली. त्या मुद्रिकेवर मराठी आणि कन्नड एकत्रच नांदतात. पण मुद्रिकेवर भाषा नुसती टिकते. ती जगते, आजीच्या हाकेला नातवंडाने मराठीतून ओ दिली तरच. ताऱ्यांकडून ओ येईल तेव्हा येवो. घरातली ओ आपल्या हाती आहे.